शेजारी देशांच्या युवा नेतृत्व मेळाव्याला जाताना: अर्जापासून परतीनंतरच्या कामापर्यंत

शेजारी देशांतल्या तरुणांबरोबर आठवडाभर एकत्र राहणं हे जगाच्या दुसऱ्या टोकाला भरणाऱ्या परिषदेला जाण्यापेक्षा अवघड असतं. दूरच्या माणसाबद्दल आपल्याला फारसं माहीत नसतं आणि ते आपण सहज कबूल करतो. शेजाऱ्याबद्दल मात्र सगळं माहीत असल्यासारखं वाटतं. शाळेतला इतिहास, रोजच्या बातम्या, मोठ्या माणसांचं बोलणं यांतून तयार झालेलं एक चित्र घेऊनच आपण तिथे पोचतो, आणि समोरचाही त्याच्याकडचं चित्र घेऊन आलेला असतो. म्हणून या लेखात कागदपत्रं आणि प्रवासाची माहिती आहेच, पण जास्त जागा दिली आहे ती बहुतेक जण करतच नाहीत अशा तयारीला: आपला देश सीमेपलीकडून कसा दिसतो, ते ऐकून घेण्याच्या तयारीला.

बोलावणं कुणाचं आहे ते आधी तपासा

‘जागतिक’, ‘युवा राजदूत’, ‘शिखर परिषद’ हे शब्द कुणालाही वापरता येतात. हॉटेलातला हॉल भाड्याने घ्यायचा, भरमसाट नोंदणी शुल्क लावायचं आणि शेवटी प्रमाणपत्र व ग्रुप फोटो द्यायचा, असे मेळावे भरपूर भरतात. ते बेकायदा असतातच असं नाही. पण तिथे ‘निवड झाली’ याचा अर्थ तुम्ही पैसे भरायला तयार झालात, एवढाच. पत्रावर संयुक्त राष्ट्रांचं निळं चिन्ह दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. महासभेच्या १९४६ च्या ठरावानुसार ते परवानगीशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे ज्या कार्यालयाचं नाव दिलंय तिथेच थेट विचारून खात्री करा.

आयोजकांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. निवड कशावर होते? प्रत्येक देशातून साधारण किती जण येतात? पैसा कोण देतंय? मागच्या वेळी आलेल्या एखाद्या सहभागीशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चार हात लांब राहिलेलं बरं.

चांगला कार्यक्रम कसा असतो याचे नमुने आहेत. फ्रान्स आणि जर्मनीने १९६३ च्या एलिझे या मैत्री करारानंतर दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त युवा कार्यालयच सुरू केलं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात आग्नेय आशियातले आणि जपानमधले तरुण एकाच जहाजावर राहू लागले. पश्चिम बाल्कनमधल्या सहा सरकारांनी २०१६ मध्ये ‘रायको’ नावाचं प्रादेशिक युवा सहकार्य कार्यालय स्थापन करायचा करार केला; त्याचं मुख्यालय अल्बेनियाच्या राजधानीत, तिराना इथे आहे. तिन्ही ठिकाणी कधी ना कधी युद्ध किंवा लष्करी ताबा पाहिलेले देश आहेत, आणि तिन्हींत भर आहे तो एकमेकांबरोबर प्रत्यक्ष वेळ घालवण्यावर. तुमच्या हातातल्या वेळापत्रकात सकाळ-दुपार-संध्याकाळ फक्त व्यासपीठावरची भाषणंच असतील, तर ती नंतर रेकॉर्डिंगवरही ऐकता येतील.

वयाची अटही नीट वाचा, कारण ‘तरुण’ कुणाला म्हणायचं यावर एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४, सुरक्षा परिषदेच्या २०१५ मधल्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९, आणि आफ्रिकी युवा सनदेत थेट १५ ते ३५. शिवाय वय अर्जाच्या दिवशी मोजणार की मेळाव्याच्या पहिल्या दिवशी, हे विचारून घ्या. काठावरच्या अर्जांचं घोडं इथेच अडतं.

अर्ज: एकच काम, पण नीट सांगा

‘मला लहानपणापासून नेतृत्वाची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी तुम्ही केलेलं एक काम घ्या आणि ते तपशिलात सांगा: काय करायचं ठरवलं होतं, कोण सोबत होतं, कुठे अडलं, मग काय बदललं. पाच समित्यांच्या पदांची यादी देण्यापेक्षा हे वजनदार ठरतं.

शेजारी देशांच्या मेळाव्यासाठी आणखी एक परिच्छेद हवा: तुमचा प्रश्न सीमेपलीकडेही कसा आहे. समजा तुम्ही पुराच्या वेळी स्वयंसेवक म्हणून काम केलंय. नदी जर वरच्या देशातून येत असेल, तर पाणी सोडल्याची खबर तुमच्यापर्यंत कशी पोचते, किती उशिरा पोचते आणि तिकडच्या तरुणांकडून तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, ते लिहा. जगातल्या दीडशेहून अधिक देशांच्या नद्या, सरोवरं किंवा भूजल शेजाऱ्यांबरोबर सामायिक आहेत, त्यामुळे हे उदाहरण बहुतेकांना लागू पडेल. नदी नसेल तर हवेचं प्रदूषण, सीमेपार कामाला जाणारे मजूर, पदव्यांची परस्पर मान्यता, असं काही ना काही असतंच. ‘मी काय शिकवीन’ एवढंच न लिहिता ‘मला त्यांना काय विचारायचंय’ हे लिहिणारा अर्ज वेगळा उठून दिसतो.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घ्यायचा मोह आवरा. तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं पत्र घ्या, आणि त्यांना मुदतीच्या आदल्या रात्री गाठू नका.

कागदपत्रं: निवडीचा ईमेल आला त्याच दिवसापासून

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात दोन तरी कोरी पानं असावीत, असं धरून चाला. अनेक देश आणि विमान कंपन्या हे पाहतात. काही भागांत शेजाऱ्यांना सवलत असते. युरोपीय संघाचे नागरिक एकमेकांच्या देशात राष्ट्रीय ओळखपत्रावर जातात. पश्चिम आफ्रिकेत इकोवास गटाच्या देशांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरीही ‘शेजारचाच तर देश आहे’ असं म्हणून निवांत राहू नका. संबंध ताणलेले असतील तर शेजाऱ्याचाच व्हिसा सगळ्यात उशिरा मिळतो, आणि म्हणूनच असे बरेच मेळावे तिसऱ्याच देशात भरतात.

व्हिसाचा प्रकार आयोजकांना लेखी विचारा. पर्यटक व्हिसावर परिषदेला बसणं काही देशांत चालतं, काही देशांत चालत नाही. निमंत्रणपत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, पासपोर्ट क्रमांक, तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार, एवढं हवंच. तिकिटावरचं नावही अक्षरन् अक्षर जुळवा. शेंगेन देशांत (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) जायचं असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो; सोबत किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही पाहा. ही गोष्ट हमखास राहते.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांचं लेखी संमतीपत्र, काही ठिकाणी नोटरी केलेलं, लागतं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून किंवा देशात प्रवास असेल तर लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं.

पैशाचा एक प्रश्न संकोच न करता विचारा: प्रवासखर्च आयोजक स्वतः भरणार की तुम्ही भरून नंतर परत मिळणार? ‘नंतर’ म्हणजे मेळावा संपल्यावर काही आठवडे, कधी महिनेही. तुमच्याकडे तेवढी सोय नसेल तर आधीच सांगा, चांगले आयोजक मार्ग काढतात. बोर्डिंग पास, बसचं तिकीट, पावत्या सगळं एका पाकिटात जपा आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते.

खरा अभ्यास

बहुतेक जण इथे आपल्या देशाचं सादरीकरण सजवण्यात रात्री घालवतात. त्यातला निम्मा वेळ काढून पुढच्या गोष्टी करा.

येणाऱ्या प्रत्येक शेजारी देशासाठी एकेक पान घ्या. त्यावर त्या देशाचे राष्ट्रीय दिवस लिहा आणि ते कशाची आठवण म्हणून पाळले जातात तेही लिहा. मग तोच प्रसंग तुमच्या पाठ्यपुस्तकात कसा आलाय ते शोधा. पुष्कळदा तो आलेलाच नसतो, किंवा एका ओळीत उरकलेला असतो. त्यांच्या एखाद्या वर्तमानपत्राची इंग्रजी आवृत्ती दोन आठवडे चाळा, विशेषतः वाचकांची पत्रं. त्यानंतर त्या पानाच्या तळाशी लिहा: या देशातल्या सामान्य माणसाच्या माझ्या देशाबद्दल कोणत्या तीन तक्रारी असू शकतील? आणि प्रत्येकीपुढे तुमचं स्वतःचं प्रामाणिक मत. सरकारची अधिकृत भूमिका माहीत असावी, पण ती पाठ करून जाऊ नका. ती सांगायला तुमची गरज नाही, तिच्यासाठी परराष्ट्र खातं आहे.

नकाशांबाबत सावध राहा. सादरीकरणात घाईघाईने इंटरनेटवरून उचललेला नकाशा टाकला की पहिल्याच मिनिटाला कुणीतरी हात वर करतं आणि उरलेला वेळ सीमारेषेवर जातो. काही देशांत चुकीची सीमा दाखवणं हा कायद्याचा प्रश्न होतो. नकाशाशिवाय भागत असेल तर भागवा. नावांचंही तसंच. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राला किंवा इराण आणि अरब देशांमधल्या आखाताला कोणत्या नावाने हाक मारायची, यावर दोन्हीकडची माणसं दुखावली जातात. कोसोव्होला सर्बिया स्वतंत्र देश मानत नाही; म्हणून बाल्कन देशांच्या बैठकांत कोसोव्होच्या नावाच्या पाटीवर तारांकन आणि तळटीप लावायची, अशी तडजोड २०१२ मध्ये झाली, म्हणूनच तो एका टेबलाशी बसू शकला. आयोजकांनी अशी काही पद्धत ठरवली असेल तर ती समजून घ्या आणि पाळा. मतभेद असतील ते जेवणाच्या टेबलावर बोला, पाटीवर काढू नका.

शेवटचं, दोन मिनिटांची स्वतःची ओळख तयार ठेवा. दोन मिनिटं म्हणजे सावकाश बोललेले दोन-अडीचशे शब्द. त्यात पदं नकोत. तुम्ही सध्या काय करताय, कुठे अडलाय आणि इथे कुणाला शोधताय, एवढं पुरे. घरच्या कुणासमोर घड्याळ लावून म्हणून पाहा. आपली दोन मिनिटं चारच्या पुढे जातात हे तेव्हाच कळतं.

प्रवास आणि पहिला दिवस

शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेत ठेवायची. क्षमतेची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणजे नेहमीची २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक चालते. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि निमंत्रण यांच्या प्रती कागदावर एक आणि ईमेलमध्ये एक अशा ठेवा. निमंत्रणपत्राची छापील प्रत हातातच असू द्या. इमिग्रेशनच्या खिडकीवर फोनची बॅटरी संपलेली असते, वाय-फाय मिळत नसतं आणि अधिकाऱ्याला आयोजकांचा स्थानिक नंबर हवा असतो.

पोचल्यावर खोली दुसऱ्या देशातल्या कुणाबरोबर मिळाली तर बदलून मागू नका. आयोजकांनी ती मुद्दाम तशी दिलेली असते. आपल्याच देशातल्या माणसांचा घोळका करून बसणं ही या मेळाव्यांतली सगळ्यात मोठी नासाडी. पहिल्या रात्रीच आपल्या गटात ठरवून टाका: दिवसातलं एकच जेवण एकत्र, बाकी सगळे पांगायचं.

चर्चेच्या खोलीत

अशा शिबिरांत एक सराव नेहमी घेतला जातो, तो जवळून पाहण्यासारखा आहे. भिंतीवर लांबलचक कागद चिकटवतात, त्यावर गेल्या शंभर वर्षांची रेघ. प्रत्येक देशाच्या गटाला वेगळ्या रंगाचे मार्कर देतात आणि सांगतात, तुमच्यासाठी महत्त्वाची दहा वर्षं खूण करा. सुरुवातीला हसणं-खिदळणं चालतं. मग लक्षात येतं की एकाच सालावर दोन रंग आलेत: एकाने तिथे ‘विजय’ लिहिलंय, शेजारच्या रंगात लिहिलंय ‘आजोबांचं गाव सोडलं’. आणि काही सालं अशी असतात की एका देशाने तिथे मोठा चौकोन काढलाय आणि दुसऱ्याच्या रंगाचा तिथे ठिपकाही नाही. जो चौकोन काढतो त्याला राग येतो तो याच गोष्टीचा: ‘तुम्हाला हे माहीतसुद्धा नाही?’

अशा वेळी काय करायचं? आपली बाजू मांडायची घाई करू नका. ‘तुझ्या घरात ही गोष्ट कशी सांगतात?’ असं विचारा. ‘तुमच्या देशाने असं का केलं?’ या प्रश्नाला समोरचा वकिलासारखं उत्तर देतो. घरातली गोष्ट विचारली की माणूस बोलायला लागतो. तुमच्यावर हाच प्रश्न आला तर ‘मला हे माहीत नव्हतं’ म्हणायला लाजू नका, आणि ‘मला पटत नाही, पण पुढे सांग’ म्हणायलाही लाजू नका. माफी मागायची सक्ती कुणावर नसते. एखाद्या सरकारच्या कृत्याचा जाब वीस वर्षांच्या मुलीकडे मागणं चुकीचंच आहे. तसं होताना दिसलं तर चर्चा चालवणाऱ्याची वाट न पाहता मध्ये पडा, मग आरोप तुमच्याच देशाचा सहकारी करत असला तरी.

भाषेबद्दल थोडं. इंग्रजी ज्यांची चांगली, तेच बोलत राहतात आणि बाकीचे मान डोलावतात, हे चित्र सगळीकडे दिसतं. तुमची इंग्रजी चांगली असेल तर वेग कमी करा, म्हणी-वाक्प्रचार टाळा, आणि शांत बसलेल्या माणसाला चहाच्या सुट्टीत गाठून त्याचा मुद्दा विचारा. दुभाषी असेल तर बोलताना नजर समोरच्या माणसाकडे ठेवा, दुभाष्याकडे नको. दोन-तीन वाक्यांनी थांबा. नावं आणि आकडे आधीच कागदावर लिहून द्या. थांबून थांबून भाषांतर होत असेल तर वेळ दुप्पट लागतो. दहा मिनिटं मिळाली असतील तर पाच मिनिटांचंच लिहा.

ठरावाचं गुऱ्हाळ

शेवटच्या दोन दिवसांत ‘जाहीरनामा’ नावाचं प्रकरण सुरू होतं. मसुदा समिती रात्री जागते आणि सकाळी ‘आम्ही शांतता, सहकार्य आणि शाश्वत विकासाला पाठिंबा देतो’ असा कागद तयार असतो. त्यावर कुणाचंच दुमत नसतं, आणि म्हणूनच त्यातून काही होत नाही.

याच्या उलट उदाहरण पाहा. जानेवारी २००३ मध्ये एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त बर्लिनमध्ये फ्रान्स आणि जर्मनीच्या सुमारे पाचशे शाळकरी मुलामुलींची युवा संसद भरली. त्यांनी मांडलेली एक मागणी अगदी नेमकी होती: दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक हवं. दोन्ही सरकारांनी ती उचलली आणि २००६ मध्ये पहिला भाग दोन्ही भाषांत, एकाच मजकुराचा, शाळांत आला. ही मागणी चालली कारण ती कुणाकडे करायची, काय करायचं आणि झालं की नाही हे कसं कळणार, हे तिच्यातच स्पष्ट होतं.

म्हणून मसुदा समितीत शिरायची संधी मिळाली तर घ्या आणि प्रत्येक कलमाला हेच विचारा: कोण करणार, कधीपर्यंत, आणि तपासणार कोण? एकमत न झालेला मजकूर चौकटी कंसात ठेवून पुढे जायची पद्धत आंतरराष्ट्रीय बैठकांत रूढ आहे, ती वापरा. एका कंसावर मध्यरात्र करण्यापेक्षा उरलेलं पूर्ण करून परत त्याच्याकडे या. वीस कलमांतली सतरा गळाली तरी हरकत नाही.

फोटो, नावं आणि सुरक्षितता

कुणाचाही फोटो टाकण्याआधी विचारा, आणि ‘सगळेच टाकतायत’ हे उत्तर मानू नका. तुमच्यासाठी जी सहज सेल्फी आहे ती दुसऱ्याला घरी महागात पडू शकते. लेबनॉनमध्ये १९५५ च्या बहिष्कार कायद्यानुसार इस्रायली नागरिकांशी संपर्क ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो. इतका कडक कायदा नसला तरी नोकरी, शिष्यवृत्ती, घरच्यांचा राग हे सगळं असतंच. बरेच मेळावे ‘चॅटम हाऊस नियम’ पाळतात. चॅटम हाऊस या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेने तो १९२७ मध्ये घालून दिला: ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कुणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे उघड करायचं नाही. इन्स्टाग्रामच्या स्टोरीलाही तो लागू होतो.

पहिल्याच दिवशी तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि फोन लिहून घ्या. नकोसा स्पर्श, खोलीवर बोलावणं, दारूचा आग्रह, यांकडे ‘मेळाव्याचं वातावरण बिघडेल’ म्हणून कानाडोळा करू नका. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग आपल्या देशाचा दूतावास. तिथे तात्पुरतं प्रवासपत्र मिळतं आणि तेव्हा ईमेलमधली ती प्रत कामाला येते.

परतल्यावर

निघण्याआधीच एक गोष्ट ठरवा: वेगवेगळ्या देशांतल्या दोन-तीन जणांबरोबर एकच छोटं काम, तीन महिन्यांत संपेल असं. दोन्हीकडच्या शाळांतल्या इतिहासाच्या एका धड्याची तुलना, पुराची खबर पोचायला किती तास लागतात याची नोंद, किंवा सीमेपार शिकायला जाऊ पाहणाऱ्यांसाठी माहितीपत्रक. शंभर जणांचा ग्रुप पहिल्या महिन्यात शुभेच्छांनी भरतो आणि मग गप्प होतो. तिघांचं काम टिकतं.

कुठल्या ॲपवर बोलायचं हे विमानतळावर जाण्याआधी पक्कं करा. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे, इतर ठिकाणीही असे अडथळे येतात, म्हणून प्रत्येकाचा ईमेल घेऊन ठेवा. ऑनलाइन बैठकीची वेळ सांगताना कुणाची वेळ ते लिहा. काही देशांची घड्याळं अर्ध्या किंवा पाऊण तासाच्या फरकाने चालतात, आणि काही वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात.

आठवड्याच्या आत तीन गोष्टी उरका: खर्चाच्या पावत्या पाठवा, ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं त्यांना नावानिशी एकेक ओळ लिहा, आणि आयोजकांना परखड अभिप्राय द्या. मग आपल्या संस्थेत किंवा कॉलेजात बोला, पण स्लाइड्स आणि समूहफोटो दाखवायला नको. त्याऐवजी जाण्याआधी केलेली ती पानं काढा, तीन तक्रारींची. त्यांतल्या कोणत्या तिथे खरंच ऐकायला मिळाल्या, कोणत्या तुमच्या मनातच होत्या आणि कोणती तुम्हाला सुचलीच नव्हती, ते सांगा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला ती पानं, व्हिसाला लागलेल्या दिवसांची नोंद आणि निमंत्रणपत्राचा नमुना देऊन ठेवा. तिथल्या मित्रांचे फोन नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.